कुंजिमाळूचा रानकूवा

हातात पेटता दिवा घेऊन मी सासरचा उंबरा ओलांडला, दिवा देवघरात ठेवला आणि वळले, तोच नणंदेनं मला पहिला प्रश्न विचारला.

"दाक्षायणी, तुमच्याकडे फणसाच्या भाजीला हळद आधी घालतात की शिजल्यावर?"

मी गोंधळले. नव्या नवरीला नाव विचारतात, भावंडं विचारतात. मी पुटपुटले, "आधी."

"मग ती काळी नाही पडत?"

मागून माझा नवरा अच्युतन म्हणाला, "माळू, तिला बसू तरी दे. भाजी काय पळून चाललीय?"

ही माझी नणंद कुंजिमाळू. अच्युतनच्या पाठची, माझ्याहून पुष्कळ मोठी, म्हणून मी तिला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायची. तिशी उलटली होती आणि लग्न झालं नव्हतं. दिसायला चांगली होती, घर खाऊन-पिऊन सुखी होतं, अच्युतनचं कापडाचं दुकान चालत होतं. अडचण एवढीच की बघायला आलेल्या माणसांना ती प्रश्न विचारायची. एका मुलाच्या आईच्या तोंडून "या वेळी तरी जमू दे" एवढंच निसटलं, तर हिनं चहाचा पेला पुढे करता करता विचारलं, "म्हणजे आधीचं कशानं मोडलं?" तिथेच ते संपलं. दुसरा रेल्वेत होता. त्याला हिनं रूळ बदलतात कसे, रात्री कोण बदलतं, चुकून बदलला तर पुढे काय होतं, असं इतकं विचारलं की तो बिचारा चहा न पिताच निघून गेला. यात तिचा खवचटपणा नव्हता हे मला पुढे कळलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. विचारलेलं कळलं की तिचा चेहरा पोट भरल्यासारखा दिसायचा.

आमच्या आळीत धनू महिन्यातली तिरुवातिरा, बायकांचा उपासाचा आणि फेर धरायचा सण, आमच्याच अंगणात व्हायची. त्याचं कारण म्हणजे चेच्चीचा कूवा. परसात फणसाखाली तिनं कूव्याच्या कंदांची ओळ लावली होती. पानं पिवळी पडून आडवी झाली की ती बोटांएवढे पांढरे कंद खणून काढायची, साल खरवडायची, खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्यावर किसायची, कीस पाण्यात कालवून जुन्या धोतरातून गाळायची. मग ते पांढरं पाणी तसंच ठेवायचं. खाली साका बसला की वरचं पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं. शेवटी तळाशी खडूसारखी घट्ट वडी उरायची. ती फोडून उन्हात वाळवली की वर्षाचं आरारूट तयार. तिरुवातिरेला बायका भाताला शिवत नाहीत. त्या दिवशी ह्याच पिठाचा गूळ-खोबरं घालून केलेला कूवा, उकडलेले कंद आणि केळी, यावर उपास. नवऱ्यावाल्या बायका नवऱ्यासाठी धरतात, पोरी चांगल्या नवऱ्यासाठी. चेच्ची कशासाठी धरायची, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कूव्यासाठी."

माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी साळिंदर आलं. एका रात्रीत सगळी ओळ उकरून खाऊन गेलं. सकाळी मी कपाळाला हात लावला आणि चेच्ची खड्ड्यांपाशी उकिडवी बसून बघतेय.

"दाक्षू, बघ गं. कच्चाच खाल्लाय. ह्याला कसा चालतो? आणि हळदीची ओळ शेजारीच आहे, तिला तोंडही लावलेलं नाही."

"चेच्ची, सण तोंडावर आलाय. साळिंदराचं कौतुक पुरे."

शेवटी अच्युतन मण्णारक्काडच्या बाजाराला गेला होता तिथून त्यानं पीठ आणलं. पुडा पळसाच्या पानात बांधलेला होता. पीठ पांढरंशुभ्र, थोडं भरड. घाईत कुणी चाखून पाहिलं नाही.

तिरुवातिरेच्या दिवशी अंघोळी करून बायका जमल्या. चेच्चीनं चुलीवर पितळी उरुळी ठेवली, गुळाचा पाक गाळून घेतला, पीठ थंड पाण्यात कालवून त्यात सोडलं. हात थांबू द्यायचा नाही, नाहीतर गाठी होतात. मी खोबरं आणि केळ्याच्या फोडी टाकत होते. आधी दुधासारखं दिसणारं ते हळूहळू दाटलं, मग काचेसारखं झालं. आमच्या नेहमीच्या कूव्याहून जास्त चमकत होतं. चेच्चीनं पळी उचलून धार पाहिली. "लवकर आळलं ना गं? असं का?"

केळीच्या पानांवर वाढलं. पहिला घास घेतलेली शेजारीण थांबली. दुसरी थांबली. मग एकदम गलका झाला.

"माळू, हा कूवा आहे की काढा?"

"कापूर पडला का यात?"

"उपास करायचा की ताप उतरवायचा?"

मी चाखलं. गोडाच्या मागून बारीक कडवट चव येत होती, आणि नाकात रानाच्या ओल्या मातीसारखा वास. बायकांनी पानं बाजूला सारली आणि केळी सोलायला घेतली. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मला अजून वाढा."

ती नाणीमुत्तश्शी होती, आळीतली सगळ्यात जुनी बाई. पाठ कमानीसारखी वाकलेली, दात एकही नाही. तिनं पान चाटून पुसून साफ केलं होतं. शेजारीण म्हणाली, "मुत्तश्शी, कडू आहे तो. तुमच्या जिभेला आता काही कळत नाही."

"तुझ्या जिभेला कळतंय होय? माझी आई करायची तो असाच लागायचा. एवढ्या वर्षांनी आज कूवा खाल्ला मी. बाकी वर्षं तुम्ही मला खळ खायला घालत होतात."

सगळ्या हसल्या. चेच्ची मात्र उरुळी तशीच सोडून तिच्यासमोर जाऊन बसली.

"आई कुठून आणायची?"

"डोंगरावरून यायचा. तेव्हा परसात कूवा लावत होतं कोण? हा तुमचा गुळगुळीत पांढरा कंद मागाहून आला. रानातला वेगळा, हळदीच्या पानासारखं पान."

"मग खरा कूवा कुठला?"

"ते मला काय विचारतेस? वाढतेस का आधी?"

रात्री अच्युतन म्हणाला, "उरलेलं पीठ फेकून दे. फसवलं मेल्यानं." चेच्चीनं फेकलं नाही. पुढचे कित्येक दिवस ती त्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची. कधी पाण्यात घालून ठेवायची आणि वरचं पाणी चाखायची. एकदा मला हाक मारली, "दाक्षू, ये ये! कडूपणा पाण्यात उतरतो. पीठ कडू नाहीये. धुवायचं राहून गेलंय कुणाचं तरी."

"कुणाचं का राहीना," मी म्हटलं.

"का राहिलं असेल?"

मला कळलं, आता हे थांबायचं नाही.

अच्युतनला विकणारा आठवत होता तो एवढाच: उंच, काळा, डाव्या कानात कडी, बरोबर मधाच्या बाटल्या. आम्ही दोघी बाजारात गेलो. तो नव्हता. पुढच्या बाजारालाही नव्हता. चेच्चीनं चहाच्या टपरीवर विचारलं, मिठाच्या गाडीवर विचारलं, बसच्या कंडक्टरला विचारलं. कंडक्टर म्हणाला, "कडीवाला? वेलायुधन. पालमलाच्या पायथ्याशी उतरतो. त्याची आई पडलीय म्हणे, म्हणून येत नाही. तुमचं काय घेऊन गेलाय?"

"काही नाही. त्याला एक विचारायचंय."

"एवढ्यासाठी पालमलाला?" कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

पालमलाला बस थांबते तिथून ओढ्याकाठानं वर चालावं लागतं. घर गवतानं शाकारलेलं, अंगण शेणानं सारवलेलं. कानात कडी घातलेला माणूस ओढ्यावर मडकी घासत होता. आमची नेसणी पाहून, आमचं बोलणं ऐकून तो उठला आणि त्यानं खांद्यावरचं फडकं अदबीनं काढून हातात धरलं.

चेच्ची म्हणाली, "तिरुवातिरेच्या आधी बाजारात कूवा तुम्हीच विकलात ना?"

त्याचा चेहरा पडला. "कडू निघाला ना? मला वाटलंच होतं. भांडायला आलात?"

"छे, विचारायला आले. धुवायचा का राहिला?"

वेलायुधननं तिच्याकडे नीट पाहिलं, थट्टा करतेय का म्हणून. मग म्हणाला, "दरवर्षी आई करते. यंदा ती कंद खणताना घसरली, मांडीचं हाड गेलं. मी केला. पाणी बदलून बदलून कंटाळलो आणि म्हटलं, झाला असेल."

आतून खणखणीत आवाज आला, "सांग की, आई ओरडत होती तरी ऐकलं नाही म्हणून!"

ती चीरूअम्मा, त्याची आई. बाजेवर पडून होती, पायाला वेताच्या काड्या आणि फडकी बांधलेली. आम्हाला दारात पाहून ती अवघडली, उठून बसायला बघू लागली, मालकिणीशी बोलावं तशी बोलली. "तंब्राट्टी, तुम्ही इथे कशाला... वेलू, चटई टाक. धुतलेली टाक."

चालून चालून आमचा घसा सुकला होता. चेच्चीनं पाणी मागितलं. आई आणि मुलगा एकमेकांकडे बघू लागले. त्या काळी आमच्यातली माणसं त्यांच्या घरचं पाणी पीत नसत. चीरूअम्मा म्हणाली, "शहाळं फोडून देतो ना. वेलू, चढ रे."

"शहाळ्यासाठी त्यांना झाडावर कशाला चढवता? मडक्यात पाणी आहे ना?" चेच्चीनं स्वतःच करवंटीनं पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्यायली. मग मला दिलं. मीही प्यायले. खूप गार होतं ते पाणी.

मग तिनं बाजेशेजारी बैठक मारली आणि सुरू झाली. हा कंद कुठे मिळतो? सावलीत की उन्हात? आत पिवळा असतो की पांढरा? पत्र्यावर किसता की दगडावर? चीरूअम्मा सुरुवातीला एकेका शब्दात उत्तर द्यायची. थोड्या वेळानं ती बाजेवर कोपर टेकून हातवारे करत सांगू लागली. दगड ओढ्यातलाच हवा, खरखरीत. पाणी वाहतं हवं. पहिलं पाणी हळदीसारखं येतं, ते गुरांनाही देऊ नये. नंतर पिवळेपणा जातो, पण कडू राहतो.

"मग कडू गेला हे कळतं कसं?"

"चाखायचं."

"म्हणजे दर वेळी कडू तोंडात घ्यायचं?"

"मग काय, दर वेळी मुलाला घ्यायला लावायचं? तो तर थुंकतो." वेलायुधन दारात उभा राहून हसला. त्याची बायको फार वर्षांपूर्वी तापानं गेली होती, पोरबाळ नव्हतं. हेही चेच्चीनं तिथेच विचारून घेतलं. मी तिला चिमटा काढला. तिनं मोठ्यानं विचारलं, "चिमटा का काढतेस?"

त्यानंतर ती सारखी पालमलाला जाऊ लागली. सुरुवातीला मी बरोबर असायचे, पुढे मला दिवस गेले आणि ती एकटी जाऊ लागली. रानातले कंद संपायच्या आत तिला एकदा स्वतः सगळं करून पाहायचं होतं. चीरूअम्मा बाजेवरून सांगायची, वेलायुधन कंद खणून आणायचा आणि चेच्ची ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून दगडावर घासायची. परत आली की तिचे हात पिवळे आणि पदर कापराच्या वासाचा. आळीत कुजबुज सुरू झाली. दुकानात गिऱ्हाइकं अच्युतनला विचारू लागली, "बहीण हल्ली डोंगराकडे फार असते?"

पुढच्या वर्षी कंदांचा हंगाम लागला तेव्हा मी तिच्याबरोबर गेले ती माझी शेवटचीच खेप, मला सातवा महिना होता. वेलायुधन गाळणीचं फडकं पिळत होता. चेच्ची साक्यावरचं पाणी ओतता ओतता म्हणाली, "वेलायुधा, तुझ्या मनात पुन्हा लग्न करायचं आहे की नाही?"

त्याचे हात थांबले. फडक्यातून पाणी गळत राहिलं.

"विचारताय, की सांगताय?"

"अजून विचारतेय."

बाजेवरून चीरूअम्मा ओरडली, "वेलू, उत्तर दे! पुन्हा कुणी विचारायचं नाही!"

त्यानं फडकं दोरीवर टाकलं, नीट पसरलं, सुरकुत्या काढल्या. मग म्हणाला, "आहे." आणि लगेच, "पण तुमच्याकडचे लोक मला मारतील."

"मारतील का?" चेच्चीनं माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखर माझं मत हवं होतं.

"मारणार नाहीत," मी म्हटलं. "बोलायचे बंद होतील."

तसंच झालं. अच्युतन घरात येरझारा घालत होता. "तुला इथे काय कमी होतं माळू?"

"काही कमी नव्हतं, एट्टा."

"मग? लोक काय म्हणतील याचा विचार केलास?"

"केला. काय म्हणतील ते मला एवढं नीट कळलेलं नाही. ते माझ्याशी बोलतच नाहीत, तुझ्याशी बोलतात. तूच सांग, काय म्हणतात?"

 जे लोक म्हणत होते ते बहिणीच्या तोंडावर त्याला उच्चारता येईना. तो दुकानात निघून गेला आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलला नाही. लग्न नोंदणी कचेरीत झालं. मी पोटानं जड होते आणि जायला मिळालंही नसतं. मी तिला माझी कसवाची नेसणी दिली, जरीच्या काठाची. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि जाता जाता म्हणाली, "दाक्षू, बाळ झालं की मला कळव. रडतं कसं तेही सांग."

लग्नानंतरची पहिली तिरुवातिरा आमच्याकडे मोठ्या थाटात करतात. माहेरच्यांनी मुलीला आणायचं, आळीतल्या बायकांनी तिच्याभोवती फेर धरायचा. धनू महिना लागला तरी अच्युतन काही बोलेना. मी दोनदा विषय काढला. तो ताट तसंच ठेवून उठला. तिसऱ्यांदा मी काढलाच नाही.

त्या आठवड्यात नाणीमुत्तश्शी काठी टेकत आमच्या दारात आली. "दाक्षायणी, बस कुठून सुटते?"

"कुठे जायचंय मुत्तश्शी?"

"माळूकडे. तिनं पीठ केलं असेल ना धुवून? मला कूवा खायचाय. तुमच्या घरातल्या भांडणापायी मी आणखी एक वर्ष खळ खाऊ?"

मी अच्युतनकडे पाहिलं. तो पेपर वाचत होता. पान उलटत नव्हता. शेवटी पेपराआडून म्हणाला, "सकाळची बस रिकामी असते. म्हातारीला खिडकीची जागा दे."

आम्ही गेलो, मी कडेवर बाळ घेऊन, नाणीमुत्तश्शी आणि आळीतल्या आणखी तिघी, ज्यांना पाहायचं होतं की माळू तिकडे राहते तरी कशी. ओढ्याकाठच्या चढावर वेलायुधननं मुत्तश्शीला पाठीवर घेतलं. ती वरून सूचना करत होती, "हळू रे! मी काय मधाचं पोळं आहे?"

चेच्ची अंगणात उभी होती. थोडी वाळली होती, उन्हानं काळवंडली होती. तिनं आधी माझं बाळ घेतलं, मग चालत्या माणसापेक्षा पाठीवरच्याला दम कमी लागतो का, असं मुत्तश्शीला विचारलं. चीरूअम्मा आता काठी घेऊन चालत होती. ती दूर भिंतीशी उभी राहिली तर मुत्तश्शीनं तिला बोलावलं, "तिकडे काय उभी? तुझ्याच हातचं खायला आलेय. ये, बस इथे, मला मोठ्यानं बोलायला लावू नको."

चेच्चीनं दोन प्रकारचं पीठ करून ठेवलं होतं. एक पुरतं धुतलेलं, एक थोडं आधी थांबवलेलं. दोन मडक्यांत दोन कूवे शिजले. आळीतल्या तिघींनी पहिला चाखला आणि एकमेकींकडे पाहिलं. कडू अजिबात नव्हता, वर रानाचा वास हलका राहिला होता. एकीनं दुसऱ्यांदा घेतला. मुत्तश्शीनं दोन्ही चाखले. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हा नाही," ती म्हणाली. दुसऱ्यावर बोट ठेवून, "हाही नाही. जवळ आलाय. आईच्यात अजून काहीतरी होतं."

मला वाटलं, चेच्ची हिरमुसणार. ती तर पुढे सरकली. "काय होतं?"

"ते आठवलं असतं तर तुझ्याकडे आले असते का?"

"गूळ कसला असायचा?"

आता चीरूअम्मा बोलली. "उसाचा गूळ तेव्हा डोंगराखाली होता कुठे? आम्ही ताडगूळ घालायचो. आणि उरुळी नव्हती, मातीचं मडकंच."

ताडगूळ घरात होता. तिसरं मडकं चढलं. चेच्ची ढवळत होती, चीरूअम्मा विस्तव सारत होती, मुत्तश्शी मध्येच "अजून काळा हवा, अजून" म्हणत होती. झाला तो काळसर, चकचकीत, धुराचा वास असलेला. मुत्तश्शीनं बोटावर घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"हा तर मुळीच नाही," ती म्हणाली. "पण हा आईच्याहून बरा लागतोय. आण अजून."

चीरूअम्मा इतकी हसली की तिला पाय धरून बसावं लागलं. आळीतल्या तिघी उठल्या, पदर खोचले आणि त्या सारवलेल्या अंगणात चेच्चीभोवती फेर धरला. वेलायुधन लाजून ओढ्याकडे निघून गेला. परतीच्या बसमध्ये त्याच तिघी भांडत होत्या की दुसरा चांगला होता की तिसरा.

घरी आल्यावर अच्युतन जेवताना म्हणाला, "म्हातारीला त्रास नाही ना झाला?" मग थोड्या वेळानं, "घर कसलं आहे?" मी म्हटलं, "गवताचं, पण स्वच्छ." पुढचा महिनाभर असेच एकेक प्रश्न आले. ओढा किती लांब? पावसाळ्यात पाणी चढतं का? तो माणूस दारू पितो का? मी उत्तर द्यायची आणि मनात म्हणायची, हा तर माळूचाच भाऊ.

दुसऱ्या वर्षी चेच्चीला मुलगी झाली, वनजा. त्यानंतर पावसाळ्यात चीरूअम्मा गेली. निरोप आला तेव्हा अच्युतन दुकानात होता. त्यानं प्रेतावर घालायला कोरं धोतर काखोटीला मारलं, दुकान उघडंच टाकलं आणि बस गाठली. मी नंतर पोचले. पाहते तर तो ओसरीवर वेलायुधनशेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. 

बोलणं सुरू झालं ते पत्त्यांमुळे. तेराव्यापर्यंत तिथे पै-पाहुणे राहिले, पाऊस थांबेना, कुणीतरी पत्ते काढले आणि अच्युतनला कळलं की वेलायुधन पानं लपवतो. त्यानं तोंडावर सांगितलं. वेलायुधन म्हणाला, "एट्टा, लपवली नाहीत, ओली होऊन चिकटली." यावरून दोघं जे भांडले ते आजतागायत भांडताहेत. अच्युतन आता दुकान मुलाकडे सोपवून बसलाय, गुडघे दुखतात, तरी रविवारची सकाळची बस चुकवत नाही. मला सांगतो, बहिणीला बघायला जातो. बहीण पाठीमागे ओढ्यात उभी असते, वनजा आणि आजूबाजूच्या बायका तिच्याकडून कूवा धुवायला शिकत असतात, आणि हा संध्याकाळपर्यंत ओसरीवरून उठत नाही. परत येतो तेव्हा एकच बोलतो, "आज पुन्हा हरवलं त्यानं. पानं कुठे ठेवतो कोण जाणे."